कुत्र्याची आंघोळ: घरी, पार्लरमध्ये की मळ्यातल्या बोअरवर?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुत्रं पाळणाऱ्या घरात हा प्रश्न वर्षातून दोनदा हमखास निघतो. एकदा मार्चअखेर, घरभर केसांचे पुंजके फिरू लागतात तेव्हा, आणि एकदा श्रावणात, कुत्र्याजवळ बसलं की कुबट वास येतो तेव्हा. बहुतेक जण पैशाकडे बघून ठरवतात. ते चूक नाही, पण त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात: कुत्र्याच्या अंगावर केस कोणत्या जातीचे आहेत, आणि आंघोळीनंतर ते मुळापर्यंत कोरडे करणं तुम्हाला जमणार आहे का. पाणी ओतून फेस काढणं कुणालाही जमतं. बिघडतं ते विंचरण्यात आणि वाळवण्यात.

आधी केस बघा

गावठी कुत्रा, डॉबरमन, बॉक्सर यांचे केस आखूड आणि अंगालगत असतात. यांच्यासाठी पार्लरचा खर्च करायची गरज नाही. रबरी ग्लोव्हने आठवड्यातून एकदा घासायचं आणि महिन्या-दीड महिन्यातून एक आंघोळ. गावठी कुत्र्याला त्याहून कमी चालते.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ केस, खाली कापसासारखी लव. यांची आंघोळ घरी होऊ शकते, पण ही लव भिजली की आत पाणी धरून ठेवते. वर हात फिरवला तर कोरडं वाटतं, बोटं आत घातली की ओल लागते. यांना वर्षातून दोनदा, म्हणजे केस गळण्याच्या दिवसांत, पार्लरच्या जोरदार ब्लोअरखाली उभं करणं पैसे वसूल करतं. एरवी घरी.

शिह त्झू, ल्हासा आणि पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. इथे घर की पार्लर असा पर्याय खरं तर नाहीच. कात्री दर पाच-सहा आठवड्यांनी पार्लरची आणि कंगवा रोज घरचा. रोज विंचरणं होणार नसेल तर सरळ केस आखूड ठेवायला सांगा. लांब केस फोटोत छान दिसतात, पण धुळ्याच्या धुळीत ते सांभाळणं हे एक वेगळं काम आहे.

घरची आंघोळ: कुठे काय चुकतं

पहिली चूक आंघोळीच्या आधीच होते. गुंता न सोडवता पाणी घातलं की तो आवळून नमद्यासारखा होतो. म्हणून आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) आणि मग स्टीलचा कंगवा, मुळापर्यंत. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली गुंता लपतो. गाठ सापडली तर थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, गाठीच्या मुळाशी केस बोटांत धरा आणि टोकाकडून हळूहळू सोडवत या. कात्री लावू नका. गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि कात्रीला केस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. पशुवैद्यकाकडे टाके घालायला येणाऱ्या अशा जखमा घरच्या कात्रीच्याच असतात.

पाण्याचं आपल्याकडे वेगळंच गणित. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, आणि नळीत साचलेलं पहिलं पाणी संध्याकाळीही गरमच येतं. कुत्र्याला आपल्या मनगटाला कोमट लागेल एवढं, साधारण ३७ अंशांचं पाणी पुरे. उन्हाळ्यात रात्रीच बादल्या भरून ठेवा आणि सकाळी सहा-सातला उरका. हिवाळ्यात उलटं: धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आंघोळ अकरा ते दोनच्या उन्हातच.

लॅबला मगने आंघोळ घालायला ४० ते ५० लिटर पाणी लागतं, पॉमेरेनियनला १५ ते २०. जिथे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथे हा आकडा आधी मनात धरा, कारण पाणी कमी पडलं की काटकसर शेवटच्या धुण्यात होते आणि खाज तिथूनच सुरू होते. बोअरचं पाणी जड असेल तर शाम्पूचा फेस होत नाही, साका मात्र केसांत बसतो. अशा वेळी शाम्पू नळाच्या पाण्यात कालवा आणि शेवटच्या दोन-तीन बादल्या नळाच्या वापरा. मधलं सगळं बोअरवर चालतं.

कुत्रं पाण्याला भितं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते पायाखालच्या गुळगुळीत फरशीला भितं. न्हाणीघरात ओलं गोणपाट अंथरलं की निम्मी झटापट संपते.

कानांत कापसाचा सैल बोळा ठेवा. पाठीकडून सुरुवात करा, डोकं सगळ्यात शेवटी. पिसवा असतील तर मात्र आधी गळ्याभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर त्या पाण्यापासून पळत तोंडाकडे जातात. शाम्पू कधीही थेट अंगावर ओतू नये. एका भागाला दहा भाग पाणी करून बाटलीत हलवा. लॅबला २५ मिलि शाम्पू आणि पाव लिटर पाणी भरपूर झालं. डॉक्टरांनी दिलेला बुरशीचा किंवा जंतूंचा शाम्पू असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवा. दोन मिनिटांत धुतला तर त्या महागड्या बाटलीचा उपयोग साध्या साबणाएवढाच.

माणसाचा साबण का नको? आपली त्वचा आम्लधर्मी, पीएच साधारण ५ च्या आसपास. कुत्र्याची त्याहून उदासीन, ७ च्या जवळ. आपला वडीचा साबण तर ९-१० पर्यंत जातो. त्याने त्वचेवरचं तेल निघतं, कोंडा होतो, कुत्रं खाजवतं आणि आपण अजून आंघोळी घालतो. डेटॉल, फिनाईल, रॉकेल यांतलं काहीही नको. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं.

वाळवणं, जिथे खरा निर्णय होतो

उन्हाळ्यात इथली हवाच ब्लोअर आहे. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत टॉवेलने टिपलेला लॅब सावलीत पंख्याखाली तासाभरात वाळतो. मार्च ते जून घरच्या आंघोळीला पार्लरपेक्षा काही कमी नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये चित्र पालटतं. हवेत दमटपणा, ऊन बेभरवशाचं, आणि ब्लोअर लावावा तर लाईट गेलेली. लव आत ओली राहिली की वास येतोच, शिवाय एखाद्या रात्रीत लाल, ओलसर, चिकट चट्टा उठतो. शेपटीच्या मुळाशी, मांडीवर किंवा कानाखाली तो सहसा दिसतो. कुत्रं चाटत राहतं आणि चट्टा पसरत जातो.

म्हणून आमचा सल्ला ऋतूनुसार बदलतो. दोन थरांचा कुत्रा असेल आणि घरी ब्लोअर नसेल, तर पावसाळ्यातली आंघोळ पार्लरला द्या किंवा पूर्ण टाळून नुसते पाय आणि पोट धुवा. काळ्या मातीचा चिखल बोटांमध्ये अडकून वाळला की खडा होतो. तो ओढू नका. पाय पाच मिनिटं बादलीत बुडवा, विरघळतो.

माणसांचा हेअर ड्रायर चालेल, पण थंड किंवा कोमट हवेवर, हातभर अंतरावरून आणि सतत हलवत. पार्लरचा ब्लोअर वेगळा असतो. तो उष्णतेने वाळवत नाही, हवेच्या जोराने पाणी केसांतून बाहेर फेकतो आणि मेलेली लवही उडवतो. हेच पार्लरचं सगळ्यात मोठं जमेचं काम. सुवास, रिबन वगैरे सोडून द्या.

पार्लरला जाण्याआधी विचारायचं

ड्रायरसमोर पिंजऱ्यात कुत्रं एकटं ठेवता का? उत्तर हो असेल तर दुसरं पार्लर बघा. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बंद गरम हवेत धाप लागून जीव जाऊ शकतो. लसीकरणाचं कार्ड मागता का? जे मागत नाहीत ते दुसऱ्यांचंही मागत नसणार. मशीनची पाती दोन कुत्र्यांमध्ये निर्जंतुक करता का? आणि मालकाला काचेतून तरी बघू देता का?

मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी 'उन्हाळा आहे, टक्कल करून टाकू' असं सुचवलं जातं. लॅब, शेफर्ड, पॉमेरेनियनच्या बाबतीत स्पष्ट नाही म्हणा. ते दोन थर ऊन आत येऊ देत नाहीत. ते काढले की कातडी भाजते, आणि नंतर लव आधी उगवून वरचे केस ठिगळासारखे येतात, पॉमेरेनियनला तर कधी कधी महिनोन्महिने येतच नाहीत. कुत्र्याला गार वाटावं म्हणून मेलेली लव रेकने (लव काढायच्या लांब दात्यांच्या फणीने) काढा, एवढंच.

शिह त्झूला मशीन लावायचंच असेल तर लांबी आकड्यात सांगा. १० नंबरचं पातं केस साधारण दीड मिलिमीटर ठेवतं, ७एफ तीनच्या आसपास. 'थोडे बारीक करा' म्हणालात की काय हाती येईल सांगता येत नाही. घरी दाढीचा ट्रिमर वापरू नका, तो दाट केसांत अडकून ओढतो. कुत्र्याचं मशीन घेतलंत तर दर काही मिनिटांनी पातं आपल्या मनगटाला लावून बघा. तापलेलं पातं कातडी भाजतं आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतं.

आणखी एक अडचण अंतराची. चोपडा, रावेर, शहाद्याहून जिल्ह्याच्या गावी कुत्रं न्यायचं, तेही उन्हात, म्हणजे अर्धा दिवस गेला. नुसत्या आंघोळीसाठी हा खटाटोप करू नये. घरी येऊन आंघोळ घालणारा माणूस किंवा गाडी मिळत असेल तर भित्र्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तो उत्तम पर्याय. फक्त पाणी आणि वीज कुणाची, हे फोनवरच ठरवून घ्या.

मळ्यातला बोअर आणि हौद

पाणी मुबलक, जागा मोकळी, कुत्रं खूश. आखूड केसांच्या कुत्र्याला याहून चांगलं काही नाही. पण पाइपाचा जोर कानात किंवा तोंडावर नको. साचलेल्या डबक्यात किंवा चारीतल्या उभ्या पाण्यात उतरू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगाचे जंतू अशाच पाण्यात असतात. केळीच्या बागेतून गेलं तर चीक लागतो, आणि त्याचा तपकिरी डाग कुठल्याच शाम्पूने जात नाही. केस वाढून तो कापला जाईपर्यंत वाट बघायची.

पोळ्याला बैल धुताना उरलेलं गोचिडाचं औषध कुत्र्यावरही ओततात. ते करू नका. गुरांचं प्रमाण वेगळं, कुत्र्याचं वेगळं, आणि घरात मांजर असेल तर त्यातली काही औषधं तिच्या जिवावर बेततात.

गोचिडांवर खरं तर कुठलीच आंघोळ पुरत नाही. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तीही कुत्र्यावर न घालता भिंतीच्या भेगांत आणि गोणपाटाखाली. पार्लरमधून 'गोचीड साफ' करून आणलेला कुत्रा आठवड्यात पुन्हा भरतो तो यामुळेच. भेगा बुजवा, अंथरूण उन्हात टाका, डॉक्टरांकडून मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी घ्या. मानेवरचं औषध टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. अंगावर दिसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका.

नखं, कान आणि हिशेब

मुरमाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, फक्त पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख राहतं. ते वळून मांसात घुसतं, महिन्यातून एकदा बघा. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. काळ्या नखाचे पातळ काप घेत जा. कापलेल्या तोंडावर मध्ये काळा ओलसर ठिपका दिसला की बस. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून पाच मिनिटं धरा. हात थरथरत असेल तर हे एक काम पार्लरला किंवा डॉक्टरांकडे द्या, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. कानात बड घालू नका, दिसेल तेवढंच कापसाने पुसा.

खर्चाचा ढोबळ अंदाज: ब्रश, कंगवा, नेल क्लिपर आणि शाम्पू मिळून हजार ते दीड हजार, ब्लोअर घेतला तर अजून चार ते सहा हजार. पार्लरची नुसती आंघोळ सहाशे-हजारच्या घरात, केस कापण्यासकट त्याच्या दुप्पट. दोन थरांचा कुत्रा असेल आणि दर महिन्याला आंघोळ घालणार असाल तर ब्लोअरचे पैसे वर्षभरात सुटतात. शिह त्झूवाल्यांनी हा हिशेब करत बसू नये.

ऑक्टोबरपासून गवत वाळलं की बांधावरून आलेल्या कुत्र्याची बोटं रोज उघडून बघा. कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते एकाच दिशेने, आतच सरकतं. बोटांमध्ये सुजलेला दाणा, त्याला बारीक भोक आणि कुत्रं सारखं तिथेच चाटतंय, किंवा अचानक डोकं एका बाजूला कलतं करून कान झटकतंय, असं दिसलं तर पार्लरही नको आणि बादलीही नको, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लालाही चार महिन्यांचं होईपर्यंत पार्लरची पायरी चढवू नका. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू तिथल्या फरशीवरूनही घरी येतो. तोवर कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं.