रीपर ७ : दिसायला रुक्ष, पण मिक्सिंग शिकायचं तर याच्यावरच

घरी स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून मिक्स करायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, असं विचारलं की दहातले पाच जण रीपरचं नाव घेतात. ते कुणाला मानवतं आणि कुणाला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. उघडल्यावर समोर येते एक राखाडी, रिकामी खिडकी. लूप नाहीत, तयार ड्रम नाहीत, पियानोसुद्धा नाही. रीसिंथ नावाचा अगदी प्राथमिक सिंथ (स्वर स्वतः तयार करणारं सॉफ्टवेअर-वाद्य) आणि एक सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा), एवढ्यावर बोळवण. पहिल्याच संध्याकाळी तयार बीटवर गुणगुणायचं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. वाद्यं बाहेरून आणावी लागतात. सर्ज एक्सटी किंवा वायटलसारखे मोफत सिंथ यात बिनतक्रार चालतात.

विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, इन्स्टॉलर अगदी लहान, आणि जुन्या लॅपटॉपलाही फारसा घाम फुटत नाही. ६० दिवस सगळं खुलं असतं. त्यानंतरही बंद पडत नाही, उघडताना लायसन्सची आठवण करून देतं एवढंच. तरी ते घ्यावं. सवलतीचं आणि व्यावसायिक अशी दोन लायसन्स आहेत, प्रोग्रॅम दोन्हींत तोच, आणि ७ साठी घेतलेलं लायसन्स आवृत्ती ८.९९ पर्यंत चालतं.

आधी दोन सेटिंग बदला, नाहीतर महिनाभर चिडचिड होईल. ट्रॅकची यादी माउसच्या चाकाने खालीवर करताना कर्सर फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर) गेला की आवाजाची पातळी गुपचूप सरकते. काल बरोबर वाटलेलं मिक्स आज बिघडलं कसं, याचं उत्तर कित्येकदा इथे असतं. प्रेफरन्सेसमध्ये माउसच्या पानावर ‘सगळ्या फेडरवर चाकाकडे दुर्लक्ष’ अशा अर्थाचा पर्याय आहे, त्यावर टिक करा. दुसरं, प्रोजेक्ट सेटिंग्जमधला टाइमबेस. मूळ सेटिंग ‘बीट्स’ असतं, म्हणजे गाऊन झाल्यावर टेम्पो ९० वरून ९४ केला की रेकॉर्ड केलेला आवाजही ताणला-आखडला जातो. गाण्याच्या ट्रॅकपुरता तो ‘टाइम’वर ठेवा.

रेकॉर्डिंगला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरतं. सगळ्यात वरची तान −१२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते) द्या. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवला तर एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २१ च्या पुढे, आणि जाऊन-येऊन तो दुप्पट होतो. म्हणून गाताना लहान बफर आणि मिक्स करताना मोठा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दुहेरी किंवा पोकळ ऐकू आला तर इंटरफेसचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग आणि रीपरमधलं मॉनिटरचं बटण दोन्ही चालू आहेत. एक बंद करा.

सातव्या आवृत्तीत आलेल्या लेन (एकाच ट्रॅकमधल्या एकाखाली एक पट्ट्या) हे अपग्रेडचं खरं कारण. एकच कडवं पाच वेळा गा, प्रत्येक टेक आपापल्या पट्टीत राहतो, आणि आवडलेल्या तुकड्यावर माउस ओढला की तो अंतिम टेकमध्ये जाऊन बसतो. सांधा लांबवलेल्या स्वराच्या मधोमध घेऊ नका, लगेच कळतो. श्वासाच्या आधी किंवा ‘स’, ‘क’ अशा व्यंजनावर घ्या.

आता सोबत येणारे प्लगिन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर. दिसायला साधे, आकड्यांनी भरलेले, पण शिकणाऱ्यासाठी हेच चांगलं. सुंदर नॉब बघून आवाज सुधारल्याचा भास होण्याची सोयच नाही.

री-ईक्यू हा ईक्वलायझर, आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारा. त्यात पहिला बँड हाय-पास (खालचे सूर कापणारा) करून ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. लहान खोलीत घेतलेला आवाज २०० ते ४०० च्या पट्ट्यात डबा वाजवल्यासारखा होतो. तिथे ३ डेसिबलची खाच द्या. इथे एक मेख आहे: री-ईक्यू रुंदी ऑक्टेव्हमध्ये मागतो, तर बाकीचे बहुतेक ईक्यू क्यू मागतात. क्यू वाढला की पट्टा अरुंद होतो, ऑक्टेव्ह वाढले की रुंद. १ ऑक्टेव्ह म्हणजे क्यू साधारण १.४. कुठल्या व्हिडिओत ‘क्यू ४ ठेवा’ ऐकून इथे ४ टाकलात तर खाच न पडता अर्धा आवाजच खाली बसतो.

री-कॉम्प हा कंप्रेसर, मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा. त्यात रेशो (किती दाबायचं) ३ ते ४, अटॅक (किती लवकर दाबायचं) १० मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) १०० पासून सुरू करा, आणि जोरकस शब्दांवर ४ ते ६ डेसिबल कपात दिसेपर्यंत थ्रेशोल्ड (जिच्यावर गेलं की दाबणं सुरू होतं ती पातळी) खाली आणा. अटॅक १ च्या खाली गेला की व्यंजनांची धार जाते आणि गायक दोन पावलं मागे सरकल्यासारखा वाटतो. शब्दांच्या मधल्या जागेत आवाज फुगत असेल तर रिलीज जुळलेला नाही, कान लावून हलवा. ऑटो मेक-अप (दाबलेला आवाज आपोआप परत वाढवणं) बंदच ठेवा. ते चालू असलं की आवाज नुसता मोठा होतो आणि मोठा म्हणजे चांगला अशी कानाची फसगत होते.

री-एफआयआरच्या सबट्रॅक्ट मोडने पंख्याची घरघर बऱ्यापैकी जाते. गाणं नसलेला दोन सेकंदांचा तुकडा वाजवून नॉइज प्रोफाइल बनवायचं आणि लगेच ती टिक काढायची. विसरलात तर तो गाण्यालाच गोंगाट समजून खात राहतो.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा देणं, ही कमकुवत बाजू. री-व्हर्बेट टाळी किंवा स्नेअरवर पत्र्यासारखा वाजतो. आवाजाला मागे हलकासा दिला तर चालून जातो. तो वेगळ्या ट्रॅकवर, सेंडने (आवाजाची प्रत तिकडे पाठवून) द्या आणि ड्राय (मूळ आवाजाचा भाग) पूर्ण बंद करा, नाहीतर मूळ आवाजच दोनदा मिक्समध्ये येतो. त्याहून री-व्हर्ब बरा, त्यात खऱ्या जागांच्या इम्पल्स फाइल (त्या जागेचा घुमारा टिपलेल्या) भरता येतात.

तुलनेसाठी आणलेलं तयार गाणं मास्टरवरून (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरून) वाजवू नका. मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) त्यालाही दाबतो आणि तुलना खोटी ठरते. त्या ट्रॅकच्या राउटिंगमध्ये मास्टर सेंडची टिक काढा, थेट हार्डवेअर आउटपुट जोडा आणि पातळी आपल्या मिक्सच्या बरोबरीला आणा. हेडफोन सुधारणारा प्लगिनही मास्टरवर नको, मॉनिटरिंग एफएक्समध्ये टाका. तिथलं काही अंतिम फाइलमध्ये जात नाही.

रेंडरची (अंतिम फाइल बनवण्याची) खिडकी पहिल्यांदा विमानाच्या कॉकपिटसारखी दिसते, पण त्यातलं ‘ड्राय रन’ बटण सोनं आहे. फाइल न बनवता ते एलयूएफएस (कानाला जाणवणारी सरासरी पातळी) आणि ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) सांगतं. स्ट्रीमिंगसाठी −१४ एलयूएफएसच्या आसपास आणि ट्रू पीक −१ च्या खाली हा सुरक्षित पल्ला. आकड्यासाठी गाणं चेपू नका. शेवटच्या सुराची रिव्हर्ब कात्रीने कापल्यासारखी तुटली तर त्याच खिडकीत ‘टेल’ चालू करून ३००० मिलिसेकंद द्या आणि पुन्हा रेंडर करा.