इन्स्टा, यूट्यूब की स्वतःची यादी? वेळ एकालाच देता येत असेल तर

मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघीतिघींनी मला गेल्या महिन्यात एकच प्रश्न विचारला, ताई इन्स्टावर जोर देऊ, यूट्यूब चालू करू की वेबसाइट बनवू, कारण दिवसा नोकरी आहे आणि डोंबिवलीहून येण्याजाण्यातच तीन तास जातात. मी सुलेखन आणि चित्रांवर बारा वर्षं घर चालवतेय, हे सगळं वापरून झालंय, म्हणून नीट लिहिते, आणि त्यांनी न विचारलेल्या चौथ्या गोष्टीबद्दलही, म्हणजे काम आवडणाऱ्यांच्या नंबरांची स्वतःची यादी.

इन्स्टा अनोळखी माणसं आणून देतं, आणि त्यात त्याच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. कटनिबने (सुलेखनाची तिरक्या टोकाची निब) 'श्री' काढतानाचा वीस सेकंदांचा रील नागपूरच्या कुणाच्या तरी आत्याला दिसतो आणि लग्नपत्रिकेचं काम येतं, हे माझ्यासोबत खरंच झालंय. पण फॉलोअर म्हणजे गिऱ्हाईक नाही. तुमची पोस्ट तुमच्याच फॉलोअर्सपैकी किती जणांना दाखवायची हे ॲप ठरवतं, २०१६ पासून फीड तारखेप्रमाणे राहिलेलंच नाही, २०२२ मध्ये तारखेप्रमाणे बघायचा 'फॉलोइंग'चा पर्याय परत आला पण तो मुद्दाम जाऊन निवडावा लागतो आणि तेवढं करतंय कोण? शिवाय रीलसाठी जे चांगलं दिसतं तेच हळूहळू आपण काढायला लागतो, शाई ओतायची, ब्रश फिरवायचा, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर मनासारखं एकही मोठं काम झालेलं नसतं. मला याचा सगळ्यात जास्त त्रास झाला.

यूट्यूब फार हळू चालतं पण केलेलं काम टिकतं. निब कशी धरायची यावरचा माझा चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ अजून लोक सर्च करून बघतात आणि तिथून वर्कशॉपला येतात. जाहिरातीच्या पैशांवर मात्र हिशोब बांधू नका, त्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). शिकवणार असाल, गाणार असाल तर यूट्यूबच करा. फक्त ऑर्डर हव्या असतील तर एडिटिंगमध्ये रविवार घालवू नका.

आता यादी. म्हणजे ज्यांना तुमचं काम आवडतं त्यांची नावं, फोन नंबर आणि ईमेल, तुमच्याजवळ, वहीत किंवा एक्सेलमध्ये. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले, त्यातल्या एकाचाही नंबर बहुतेकांकडे नव्हता. मला हे पटायला उशीर लागला. एकदा दिवाळीच्या तोंडावर एका ॲपवरचं माझं अकाउंट लॉक झालं, नऊ दिवस, आणि मेलला उत्तर यायचं ते मशीनचंच. त्या दिवाळीत आकाशकंदील गेले ते वहीतल्या तीनेकशे नंबरांच्या जोरावर.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टच्या एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. व्हॉट्सॲप चॅनेल वेगळं, तिथे फॉलोअर्सचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे ती परत व्हॉट्सॲपचीच यादी झाली. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद होतं, म्हणून ईमेलही घेऊन ठेवा.

माझी एक मैत्रीण प्रायोगिक नाटक करते, ऐंशी खुर्च्यांची जागा. इन्स्टावर तिचे चौदा हजार फॉलोअर, प्रयोगाच्या पोस्टला नऊशे लाइक आले आणि त्यातून तिकिटं गेली अकरा, बाकीच्या खुर्च्या भरल्या जुन्या प्रेक्षकांना केलेल्या मेसेजवर. मुंबईत बुधवारी संध्याकाळी विरारहून माटुंग्याला कुणी लाइकच्या भरवशावर येत नाही, ओळखीच्या माणसाने बोलावलं तर येतं.

वेबसाइटबद्दल फार नाही, प्रकाशक किंवा एजन्सीवाल्यांना काम दाखवायचं असेल तर एक पान पुरे, बिहान्स ही कलाकारांनी काम मांडायची साइटही चालेल.

तर पत्रिका, नावाच्या पाट्या, प्रिंट विकायच्या असतील तर इन्स्टा आणि यादी दोन्ही, पण आठवड्याला दोनच रील. स्टेजवरचं काम असेल तर आधी यादी. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला किंवा कुठेही स्टॉल लावलात तर टेबलावर वही ठेवा, नाव, नंबर, काय आवडलं एवढंच, 'नवीन काम झालं की मेसेज केला तर चालेल ना?' हे तोंडाने विचारा, आणि त्याच रात्री परतीच्या ट्रेनमध्ये प्रत्येकाला नावाने पहिला मेसेज टाका, तेव्हाच लोक नंबर सेव्ह करतात.