कंपाउंड धनुष्याचे किरकोळ भाग बदलल्यानंतर: एका हंगामाचा अनुभव

पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीच्या हंगामात मी जे कंपाउंड (टोकांच्या चाकांवरून दोरी फिरणारे) धनुष्य वापरतो, ते ७० पौंड ताणाचे आहे. त्याच्या कॅमला (टोकाच्या चाकांना), लिंबला (वाकणाऱ्या भुजांना) किंवा रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) मी हात लावलेला नाही. उन्हाळ्यात बदलले ते पीप (स्ट्रिंगमध्ये, म्हणजे धनुष्याच्या दोरीत, बसवलेले डोळ्यासमोरचे छिद्र), डी-लूप (स्ट्रिंगवरचा, ताणण्यासाठीचा छोटा फास), अ‍ॅरो रेस्ट (बाण टेकवण्याचा आधार) आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी पुढची दांडी) एवढेच.

सर्वाधिक फरक पडला तो पीपमुळे, आणि किमतीच्या मानाने तर तो विलक्षणच म्हणावा लागेल. येथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणाची शिकार करता येते आणि हरणे बहुधा याच दोन टोकांना बाहेर पडतात. जुन्या १/८ इंची छिद्रातून त्या वेळी साइटच्या (धनुष्यावरील नेम धरण्याच्या साधनाच्या) पिना चमकत, पण त्यांच्यामागचे हरीण अंधारात विरून जाई. पाव इंची पीपचा व्यास दुप्पट असल्याने प्रकाश चौपट येतो, आणि पीपचे वर्तुळ साइटच्या कड्याशी जुळवून धरले तर नेमही ढळत नाही. मात्र पीप बसवण्यासाठी स्ट्रिंगचे धागे विलग करावे लागतात, त्यामुळे बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) हे काम करू नये. स्ट्रिंग सैलावली की पीप तिरके फिरते. दुकानात पीळ दुरुस्त करून घेतल्यावर ते स्थिरावले.

डी-लूप घरीच बदलता येतो आणि रिलीजचा (स्ट्रिंग ताणून सोडण्याच्या हातातल्या साधनाचा) आकडा अडकतो तिथले तंतू फुलू लागताच तो बदलावा. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत लूप तुटला तर हाताची मूठ थेट तोंडावर आदळते. नवी गाठ मारण्यापूर्वी नॉकची (बाणाची मागची खाच स्ट्रिंगवर बसते त्या जागेची) उंची मोजून ठेवावी, नाहीतर सगळा नेम नव्याने बांधावा लागतो.

रेस्टबाबत माझे मत संमिश्र आहे. केसाळ कड्याचा जुना रेस्ट बाण कधीही पडू देत नसे, परंतु धनुष्य ताणताना खरखर आवाज येई. ड्रॉप-अवे रेस्ट बाण सुटताच खाली पडतो, पिसांना स्पर्श होत नाही आणि तीक्ष्ण पाती लावलेले बाणही सरावाच्या बाणांजवळच लागतात. पण त्याला उचलणारी दोरी कालांतराने सरकते आणि मग तो वेळेवर उठत नाही. हंगामापूर्वी ती खूण करून तपासावी, एवढे पथ्य पाळणार असाल तरच तो घ्यावा.

आठ इंची स्टॅबिलायझर, जो या सर्वांत महाग पडला, त्याने हाताला जाणवणारा झटका कमी झाला. आवाजात मात्र मला फारसा फरक ऐकू आला नाही. (साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे २०२३ चे कंपाउंड विश्वविजेते ज्या लक्ष्यवेधी प्रकारात खेळतात, तिथे याहून कितीतरी लांब दांड्या असतात, मचाणावरच्या फांद्यांत त्या चालणार नाहीत.) सेकंदाला २७० फूट वेगाचा बाण २० यार्डांवर पोहोचण्याच्या सुमारे एक षष्ठांश सेकंद आधी धनुष्याचा आवाज हरणाच्या कानी जातो आणि ते दचकून खाली दबते. म्हणून पुढचा खर्च मी लांब दांडीवर न करता स्ट्रिंगवरच्या रबरी सायलेन्सरांवर करणार आहे.