फाउंड्रीवर पाथफाइंडरची ॲडव्हेंचर्स घेतली, पैसे कशाचे दिले ते सांगतो

आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन पाथफाइंडर खेळतो, म्हणजे फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा रोलप्लेइंग गेम. मी पुण्यातून जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा), दोघं नाशकात, एक बंगळुरूला आणि एक जोडपं न्यू जर्सीत, त्यांची तेव्हा सकाळ असते. दीड वर्षापूर्वी सगळं फाउंड्रीवर हलवलं आणि तेव्हापासून जे विकत घेतलं त्याबद्दल लिहायचं होतं, कारण नवीन जीएम लोकांचे पैसे नेमके इथेच वाया जातात.

फाउंड्री म्हणजे व्हर्च्युअल टेबलटॉप, मॅप, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फासे सगळं ब्राउझरमध्ये. लायसन्स 50 डॉलर, एकदाच, आणि ते फक्त जीएमनं घ्यायचं, बाकीच्यांना लिंक पाठवली की झालं. त्याचे पैसे आम्ही सहा जणांत वाटून घेतले. दर महिन्याच्या वर्गणीपेक्षा मला हे कधीही बरं वाटतं, ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम लागू झाले तेव्हा परदेशी सबस्क्रिप्शनचे पैसे कार्डावरून जाईनात, ऐन कॅम्पेनच्या, म्हणजे महिनोनमहिने चालणाऱ्या गोष्टीच्या, मध्यात असलं काही झालं की फार चिडचिड होते.

आता खरी गोष्ट. पाथफाइंडर सेकंड एडिशनचे नियम फुकट आहेत. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर सगळे वाचायला मिळतात आणि फाउंड्रीतली पाथफाइंडरची सिस्टिम, जी स्वयंसेवकांनी बनवलीये, तीपण फुकट, त्यात राक्षस, मंत्र, शस्त्रं सगळं आधीच भरलेलं. म्हणजे तुम्ही पैसे देता ते फक्त ॲडव्हेंचरचे, म्हणजे खेळायला तयार लिहिलेली गोष्ट, त्यातली चित्रं, आणि कोणीतरी बसून मॅपवर भिंती आखल्या, दारं बसवली, दिवे लावले, आवाज जोडले त्या मेहनतीचे. मी हे काम हातानं केलंय, एका मोठ्या मजल्याला तीन संध्याकाळी सहज जातात, त्यामुळे याचे पैसे देताना मला जराही वाईट वाटत नाही.

सुरुवात बिगिनर बॉक्सनं केली, हे नवख्यांसाठीचं ॲडव्हेंचर. ओटारी नावाचं बंदराचं गाव, तिथे मासळीच्या वखारीच्या तळघरात साठवलेले मासे कोणीतरी खातंय, बघा जाऊन, इतकी साधी सुरुवात. आमची नाशिकची मैत्रीण व्हॅलेरोस नावाचं पात्र खेळत होती, माणूस असल्यामुळे त्याला अंधारात दिसत नाही, ती पहिल्यांदा जिना उतरली आणि म्हणाली अरे माझा मॅप लोडच होत नाहीये, सगळं काळं. मी म्हटलं मशाल पेटव. तिनं क्लिक केलं आणि पिवळा गोल उजेड पसरला, त्या उजेडाच्या अगदी कडेला उंदराचं टोकन उभं होतं, ती खरंच किंचाळली, हेडफोनमधून सगळ्यांच्या कानात. त्या एका क्षणात मॉड्यूलची (फाउंड्रीसाठी तयार केलेल्या ॲडव्हेंचरची) किंमत वसूल झाली असं मी म्हणेन.

त्यानंतर ॲबॉमिनेशन व्हॉल्ट्स. हे 2021 मध्ये तीन वेगवेगळ्या पुस्तकांत आलं होतं, 2022 मध्ये एकत्र जाडजूड पुस्तक निघालं, पात्रांच्या लेव्हल 1 ते 10 साठी, एका पडक्या दीपगृहाखालचे दहा मजले. फाउंड्रीवर पूर्ण गोष्ट एकाच पॅकेजात मिळते आणि हे मला बरोबर वाटतं, कारण तिसरा भाग नसेल तर पहिल्याचा उपयोग काय, गोष्ट अर्धीच राहणार. शिवाय गाव तेच ओटारी, त्यामुळे बिगिनर बॉक्समधली ओळखीची माणसं परत भेटतात. जोडून विकायचं तर असं विकावं, जिथे एकामुळे दुसऱ्याची गोडी वाढते.

अजून एक, पाथफाइंडरचे प्रकाशक पायझो यांच्याकडून त्या ॲडव्हेंचरची पीडीएफ आधी घेतलेली असेल तर अकाउंट जोडल्यावर मॉड्यूल कमी किमतीत मिळतं. माझ्याकडे पीडीएफ होती, सवलत मिळाली, म्हणजे जो मजकूर माझा झालाय त्याचे पैसे परत पूर्ण घेतले नाहीत. म्हणून आधी पीडीएफ, मग मॉड्यूल. हंबल बंडल या साइटवर पाथफाइंडरच्या पीडीएफचे गठ्ठे अधूनमधून येतात, लक्ष ठेवा.

याच्या उलट अनुभवपण आहे. दुसऱ्या एका साइटवर, नाव नाही घेत, मी एक "संपूर्ण" बंडल घेतलं होतं, त्यातली दोन ॲडव्हेंचर्स माझ्याकडे आधीच होती तरी किंमत एक पैसा कमी झाली नाही, आणि तिसऱ्यातले अर्धे राक्षस वेगळ्या पुस्तकात, ते पुस्तक घ्या तर त्यांच्या ताकदीचे आकडे दिसणार. मेल केला तर उत्तर आलं की वर्णनात लिहिलंय. लिहिलं होतं, तळाला, बारीक अक्षरात. खूप राग आला होता, अजूनही येतो. एक गोष्ट लोकांना तीनदा विकायची, छापील वेगळी, वाचायची वेगळी आणि खेळायची वेगळी, हे मला पटतच नाही. डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमच्या डीअँडडी बियाँड या अधिकृत साइटनं 2024 मध्ये सुटी विक्री बंद केली तेव्हा लोक एवढे का नाराज झाले ते मी समजू शकतो, एक राक्षस हवा असेल तर अख्खं पुस्तक घ्या म्हणजे पावशेर डाळीसाठी पोतं उचला.

डीअँडडीवाल्यांसाठी, 2024 पासून त्यांचीही अधिकृत ॲडव्हेंचर्स फाउंड्रीवर आहेत, पहिलं फँडेल्व्हरचं आलं.

अडचणी सांगतो. फाउंड्री जीएमच्या मशीनवर चालते आणि आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर बाहेरून थेट कनेक्शन येतच नाही कारण एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, माझे पहिले दोन शनिवार यातच गेले, शेवटी भाड्याचं होस्टिंग घेतलं, तो खर्च आधीच धरून चाला. मोबाइलवर खेळायचा विचार सोडा. 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मोठे मॅप अडखळतात, बंगळुरूवाल्याचं तेच झालं, आता तो ऑफिसनंतर भावाचा लॅपटॉप घेऊन बसतो. आणि किंमत डॉलरमध्ये, वर बँकेचं फॉरेक्स मार्कअप, त्यामुळे सुटंसुटं चार वेळा घेण्यापेक्षा एकदम घेतलेलं हिशेब ठेवायलाही सोपं जातं.

पहिल्यांदा घेणार असाल तर लायसन्स आणि बिगिनर बॉक्स एवढंच घ्या, तीन-चार सेशन खेळा, ग्रुप टिकतोय का बघा. आम्ही आता चौथ्या मजल्यावर आहोत, या शनिवारी न्यू जर्सीवाले सुट्टीला पुण्यात येतायत, पहिल्यांदाच सहाही जण एका खोलीत बसून खेळणार, मॅप टीव्हीवर लावणार आहे.