पहिलं वेल्डिंग मशीन: खालचे अँपिअर आधी बघा

माझं मशीन साधं आहे. सिंगल फेजवर चालणारं, रॉडचं, आयजीबीटी (वेगानं चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेलं डीसी इन्व्हर्टर, म्हणजे हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, पुढच्या पॅनलवर मोठ्या अक्षरांत २०० अँपिअर. बरेच महिने ते जवळजवळ प्रत्येक सुट्टीला चाललंय. कामाचं टेबल झालं, भिंतीवरची मांडणी झाली, चाकांची ट्रॉली, व्हाइसचा स्टँड, तुटलेल्या बिजागऱ्या आणि कड्या तर किती तरी. यातलं एकही काम १२० अँपिअरच्या वर गेलं नाही. पहिलं मशीन निवडताना सगळेजण वरचा आकडा बघतात, म्हणून हे आधी सांगतोय: गॅरेजमधलं बहुतेक काम ४० ते १२० अँपिअरमध्येच उरकतं, आणि मशीन चांगलं की वाईट हे त्या टप्प्यातच कळतं.

रॉडच्या जाडीवरून हिशोब करा. २ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ४० ते ६० अँपिअर लागतात, २.५ला ६० ते ९०, ३.१५ला ९० ते १३०. ४ मिलिमीटरचा रॉड १४०च्या पुढे मागतो, पण घरी तो हातात घेण्याची वेळ क्वचितच येते. टेबलाचा ५ मिलिमीटर जाड अँगल मी ३.१५च्या रॉडने ११० अँपिअरवर जोडला. टाका खोल बसला, आणि मशीनला त्याचं काहीच वाटलं नाही.

वरच्या आकड्याची दुसरी बाजू घरच्या वायरिंगची. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्योतीचा, व्होल्टेज २० अधिक करंटच्या ०.०४ पट असा धरतात. म्हणजे २०० अँपिअरला २८ व्होल्ट, आर्कवरच ५.६ किलोवॅट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो ते प्रमाण) धरला तर साध्या इन्व्हर्टरला २३० व्होल्टच्या लाइनवरून ४० अँपिअरच्या आसपास ओढावे लागतात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे होणारच नाही. त्याच सॉकेटवर २.५चा रॉड ८० अँपिअरवर मात्र चालतो, कारण तेव्हा लाइनवरून १४-१५ अँपिअरच जातात. ३.१५च्या रॉडसाठी मी मीटरपासून वेगळी जाड लाइन आणि स्वतंत्र एमसीबी टाकून घेतला. मशीन ठरवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेन्शन वापरायचीच असेल तर ती निदान २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) हवी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळलेली वायर तापते.

ड्युटी सायकलचा, म्हणजे ठरावीक वेळातला किती टक्के वेळ मशीन वेल्डिंग करू शकतं त्या आकड्याचा, बाऊ फार होतो. तो आकडा दहा मिनिटांवर मोजतात: २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. तो कोणत्या तापमानाला मोजलाय तेही बघा, ४० अंशांना मोजलेलाच खरा समजावा. करंट उतरला की हा टक्का झपाट्यानं वाढतो, कारण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. २०० अँपिअरला फक्त २० टक्के देणारं मशीनही गणितानं ८९ अँपिअरला सलग चालायला हवं. शिवाय २.५चा रॉड मिनिटभरात संपतो, मग स्लॅग (जोडावर जमलेली कवची) झाडायचा, ब्रश मारायचा, नवा रॉड लावायचा. या सगळ्यात मशीनला आपोआप उसंत मिळते. माझ्या मशीनचा ओव्हरहीटचा दिवा अजून पेटलेला नाही. मागच्या पाटीवर १०० टक्क्यांपुढे जो करंट छापलेला असतो, तोच तुमच्या कामाचा.

खरी परीक्षा बारीक पाइपवर होते. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्क्वेअर पाइप हे घरच्या कामातलं सगळ्यात नेहमीचं लोखंड, आणि तेच सगळ्यात अवघड. २ मिलिमीटरचा रॉड ४५ अँपिअरवर लावला की काही मशीनचा आर्क फडफडतो, विझतो आणि रॉड चिकटतो. माझं मशीन तिथे शांत चालतं, आणि याच एका गुणासाठी मी ते पुन्हा घेईन. खोक्यावरच्या तीन शब्दांचा संबंध इथेच येतो. हॉट स्टार्ट आर्क पेटताना क्षणभर करंट वाढवतो. रॉड जवळ गेला की आर्क फोर्स जोर देतो. अँटी-स्टिक चिकटलेल्या रॉडचा करंट तोडतो, त्यामुळे तो लाल होण्याआधीच सुटतो. अँटी-स्टिक नवशिक्यासाठी वरदान आहे. हॉट स्टार्ट मात्र कमी-जास्त करता येतो का ते विचारा. माझ्या मशीनमध्ये तो कायमचा बसवलेला आहे, आणि बारीक पाइपवर सुरुवातीलाच भोक पडायची भीती असते. म्हणून मी आर्क नेहमी जोडाच्या जाड बाजूवर पेटवतो आणि मग पाइपवर सरकतो. जमलं तर दुकानात पैसे देण्याआधी २ मिलिमीटरचा रॉड ४५-५० अँपिअरवर स्वतः चालवून बघा. त्या दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

रॉड सुरुवातीला ई ६०१३ या प्रकारचाच घ्या. सहज पेटतो, स्लॅग सहज सुटतो, एसी-डीसी दोन्हींवर चालतो. ई ७०१८चा जोड जास्त भक्कम होतो, पण तो रॉड ओल धरतो. दमट रॉड ३०० अंशांच्या वर भाजून वाळवावा लागतो, आणि ती सोय घरी नसते.

मशीनबरोबर आलेल्या सामानावर मात्र मी नाराज आहे. केबल दोन मीटरच्या आत होत्या आणि अर्थ क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) पत्र्याचा, ढिल्या स्प्रिंगचा. तो तापायचा आणि आर्क तुटायचा. पितळी क्लॅम्प आणि २५ स्क्वेअरची तांब्याची केबल लावल्यावर फरक लगेच जाणवला. नवी केबल घेताना आत खरंच तांबं आहे का ते बघा, वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलही सर्रास मिळतात. क्लॅम्प गंज-रंग घासलेल्या जागीच लावायचा. गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरायला मॅग्नेट फार उपयोगी, पण टाके मारून झाले की ते काढून ठेवा. डीसी आर्क चुंबकाजवळ एका बाजूला ओढला जातो आणि जोड भलतीकडे पडतो.

हातात धरायची काच मी बाजूला ठेवली आणि आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं. दोन्ही हात मोकळे राहतात आणि रॉडचं टोक पेटण्याआधी दिसतं, त्यामुळे हात बसायला फार कमी वेळ लागतो. १०० अँपिअरच्या कामाला शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा) १० किंवा ११ पुरते. आर्क लागलेले डोळे त्या क्षणी दुखत नाहीत. काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. शेजारी उभ्या असलेल्या मुलांचे डोळेही तितकेच जपायला हवेत. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा जस्ताचा मुलामा जोडाच्या आसपास आधी घासून काढा, तरीही दार उघडं ठेवा आणि मास्क लावा. जस्ताच्या धुरानं थंडी-ताप भरतो. क्लोरीन असलेल्या क्लीनरनं पुसलेल्या लोखंडावर आर्क अजिबात पेटवू नका, त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनबद्दल मला आदर आहे. आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. पण वजनामुळे ते एका जागी बसतं. इन्व्हर्टर एका हातानं उचलून फाटकापाशी नेता येतं. त्याचा शत्रू म्हणजे ग्राइंडरची धूळ. पंखा लोखंडाचा कीस आत ओढतो, तो बोर्डावर बसतो आणि शॉर्ट होतो. ग्राइंडिंग लांब करा, आणि अधूनमधून प्लग काढून कोरड्या हवेनं मशीन झाडा.

रॉडऐवजी मिग, म्हणजे रिळावरची तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन, घ्यावं का? गाडीचा ०.८ मिलिमीटरचा पत्रा जोडणं हेच मुख्य काम असेल, तर जरूर मिग घ्या, रॉडनं तो पत्रा जळून जातो. फक्त पोलॅरिटी बदलता येते का ते तपासा: बिनगॅसच्या फ्लक्स-कोअर (आत फ्लक्सची पूड भरलेल्या) तारेला सहसा टॉर्च, म्हणजे तार सोडणारी बंदूक, निगेटिव्हला लागते, गॅसवरच्या सॉलिड तारेला पॉझिटिव्हला. आणि खोक्यावर ‘लिफ्ट टिग’ (टंगस्टनच्या टोकानं करायचं वेल्डिंग) लिहिलंय म्हणून ॲल्युमिनियम जोडता येईल असं समजू नका. डीसी टिगवर स्टील आणि स्टेनलेस होतं. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर फोडायला एसी लागतो, आणि ते मशीन वेगळंच असतं.