अंबर दिव्याच्या गाडीतला 'साहेब'

सोलापूरच्या चादर-टॉवेलवाल्यांनो, अंबर दिव्याची गाडी, काचेवर 'महाराष्ट्र शासन' आणि तोंडात वसतिगृहांसाठी 2,000 चादरींची ऑर्डर, असा कोणी 'साहेब' आला तर ओळखपत्र मागा. चारचौघांसमोरच मागा. माझे 1,32,400 रुपये गेलेत. अनामत 98,000 यूपीआयनं, 'फाइलखर्च' 22,500 रोख आणि नमुन्याच्या नावाखाली 14 चादरी, 11,900 च्या.

तो यायचाच मुळी ऐन गर्दीत. फोन स्पीकरवर, पलीकडून 'सर, सचिवसाहेब वाट बघताहेत'. ड्रायव्हर पाण्याची बाटली धरून मागं उभा. शेजारचे दुकानदारसुद्धा उठून नमस्कार करायचे, आणि हा त्यांना 'काय मालक, धंदा काय म्हणतोय?' विचारायचा. अशात ओळखपत्र मागायला कुणाची जीभ रेटते? सगळा थाट त्यासाठीच होता. मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी तेव्हा गादीवर बसून बघायचं होतं.

एक गोष्ट मात्र रात्री झोपू देत नाही. निघताना ड्रायव्हरनं टपावरचा दिवा उचलला. खाली लोहचुंबक, वायर सिगारेट लायटरच्या भोकात. कॅरीबॅगेत गुंडाळून सीटखाली सारला. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा दिवे उतरलेत, हे मला ठाऊक होतं. समोर दिसत होतं, तरी मी पोराला आणखी एक चहा आणायला सांगत होतो!

आणि यूपीआयवर नाव आलं ते एका खासगी माणसाचं. सरकारी अनामत खासगी खात्यात जात नसते. एवढी मोठी सरकारी खरेदी टेंडरनं नाहीतर जेम या सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून होते. उद्यम नोंदणी असेल तर लहान उद्योगाला केंद्राच्या टेंडरमध्ये अनामतीची सूट असते, हेही धरून ठेवा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, 'ही दिवाणी बाब, पैसे तुम्ही स्वखुशीनं दिलेत.' सायबरवाले म्हणाले, 'माणूस समोर येऊन गेलाय, ठाण्यातच जा.' बँक म्हणाली, एफआयआर आणा. अरे, सरकारी अधिकारी असल्याची बतावणी भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा, फसवणूक 318 खाली. दिवाणी कुठून आली? तक्रारीची पोच मागितली तर 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. खरे साहेब भेटेनात, खोटा घरपोच आला! शेवटी आयुक्तालयात लेखी अर्ज टाकला, पोच घेऊन. तुम्हीही तोंडी सांगून परतू नका. यूपीआयनं गेलं असेल तर आधी त्याच क्षणी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

हवालदार फुटेज बघायला आले तोवर कॅमेऱ्यावर नवं रेकॉर्डिंग चढलेलं. तुमच्याकडे तो येऊन गेला असेल, तर फुटेज आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा.