तयार तुकड्यांच्या गोधडीत माझे 44,280 रुपये गेले

‘घरबसल्या गोधड्या शिवा, कापड आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू.’ एवढ्यावरून पुढं काय झालं ते निम्म्या जणींनी ओळखलं असेल. आधी अनामत, मग करार, शेवटी ‘माल नापास’. अगरबत्तीवाले, पेन्सिल पॅकिंगवाले असे आमच्या लातूर जिल्ह्यात कितीतरी येऊन गेले, मी काही दुधखुळी नाही. पण इथं कापड खरोखर दारात आलं. छान रंगसंगतीचे, कडांना करवतीसारखे दाते कापलेले, पाच इंची चौकोनी तुकडे. गठ्ठा बघून कुणीही भुललं असतं.

हिशेब मांडते. एका किटची, म्हणजे तुकड्यांच्या एका गठ्ठ्याची, अनामत 6,500, चार किट घेतले, म्हणजे 26,000. कराराचे 1,180. गाडीभाडं 740. अस्तर आणि दोरा लातूरच्या गंजगोलाईतून, 3,460. शिवणाऱ्या बायकांची मजुरी 8,400, ती मी खिशातून दिली, कारण त्यांचे हात चालले होते, त्यांना का बुडवायचं? आणि माल नापास झाल्यावर ‘फेरतपासणी’चे 4,500. एकूण 44,280. सोयाबीनच्या पैशातले. घरात अजून हा आकडा कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

तयार तुकडे मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. जुनी लुगडी उसवायची, धुवायची, खुणा करून कापायची, यात वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, निम्मा वेळ जातो. ते सगळं वाचतं. रंग जुळवायची डोकेफोड नाही. पण आपल्या जुन्या लुगड्याचं कापड आधीच आटलेलं असतं, त्याचा सुटायचा रंग कधीच सुटून गेलेला असतो. नवं कापड मात्र कोरं. आणि हे छोटे तुकडे आधी धुता येत नाहीत, कडा उसवतात, वेडेवाकडे होतात. म्हणून करारात ‘धुतलेला माल नापास’ हे कलम वाचलं तेव्हा मला उलट बरंच वाटलं, माणसाला कामातलं कळतं म्हणून! पहिली वाकळ घरी पाण्यात घातली आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला, तेव्हा ते कलम कशासाठी होतं ते समजलं.

आता खरी गोष्ट. ती आठवली की आजही कपाळावर हात मारून घेते. आमच्यातल्या एक मावशी गठ्ठ्याच्या मधून तुकडे ओढत होत्या. म्हणाल्या, “ताई, हे सारके न्हाईत की गं माय. हे बारकं भरायलंय.” मी टेप घेऊन वरचे तुकडे मोजले, बरोबर पाच इंच. किट देणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, खाचेतून मोजलं तर कमीच दिसणार.” हे खरंच आहे हो! दातेरी कड असली की टोक धरायचं की खाच, यानं माप बदलतं. खरी गोष्ट सांगून त्यानं खोटी झाकली. मीच मावशींना गप्प केलं, मशीनचं कटिंग आहे म्हणून. खालचे तुकडे टोकापासून टोकापर्यंतही पावणेपाचच होते. आणि मशीनच्या कापावर शंका घेतंय कोण? तुम्ही घेतली असती?

पाव इंचानं काय होतं? पाच इंचाचा तुकडा दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीत गेला की साडेचार उरतो. आडवे 14, उभे 20, म्हणजे 63 बाय 90. करारात हेच माप, फरक अर्ध्या इंचापर्यंतच माफ. तुकडा पाव इंच कमी असला की रुंदीत साडेतीन आणि लांबीत पाच इंच गायब. शिवाय धावदोऱ्यानं गोधडी आवळते ती वेगळीच. म्हणजे वाकळ नापास होणार हे किट बांधतानाच ठरलेलं. पहिली कमी भरली तेव्हा तो फोनवर “तेवढं चालतं” म्हणाला. फोनवर! असलं काही लेखी घ्या, निदान मेसेजवर घ्या. बारा गोधड्यांचे 1,800 प्रमाणे 21,600 येणार होते, एक पैसा आला नाही.

आणि गठ्ठा आला की आधी मधले तुकडे मोजा. एक तुकडा जाळून बघा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून गोळी होते. पैसे कंपनीच्या नावावर न जाता दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर जात असतील तर तिथंच थांबा.

पोलिसांचं काय सांगू! ठाण्यात म्हणे, “करारावर सही तुमचीच ना? मग हा दिवाणी मामला.” तिथून जिल्ह्याला पाठवलं. तिथं म्हणे, माल तर मिळालाय, मग फसवणूक कसली? समोरचा पत्ता सुरतचा, तर तिकडं जाऊन तक्रार द्या. एकानं तर हसत विचारलं, “चिंध्यांसाठी एवढे पैसे?” साहेब, त्या चिंध्यांवर पाच घरांची चूल पेटणार होती. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. फसवणुकीचं कलम पूर्वी 420 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 318. हे मी ठाण्यात सांगितलं तर उत्तर आलं, “बाई, कायदा आम्हाला शिकवू नका.” बँकेत वेगळाच सूर, पिन तुम्हीच टाकलाय ना. हो, टाकलाय! चोराला दार मीच उघडलं म्हणून चोरी चोरी राहत नाही का?

पैसे गेल्या गेल्या 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, त्याच तासात. मी नापास होण्याची वाट बघत बसले, तोवर खाती रिकामी झाली. तक्रार तोंडी देऊ नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारी बाईही ग्राहकच धरली जाते, कुणी ‘हा तर धंदा’ म्हणून परतवलं तर ऐकू नका. माझा अर्ज तिथं पडून आहे.

तीच पार्टी आता नव्या नावानं जाहिरात करतेय. फोटो तोच, मोरपंखी आणि केशरी तुकड्यांची गोधडी, मागं निळी भिंत. अनामत तेवढी वाढवलीय, 7,500.